नळीच्या टोकाला काय आहे?

व्हॅक्यूम क्लीनर घ्यायला दुकानात गेलं की विक्रेता आधी वॅट सांगतो. हा हजाराचा, तो चौदाशेचा, त्याच्या वरचा सोळाशेचा. माझं म्हणणं असं की हिंगोली-वसमतकडच्या माणसाने हा आकडा शेवटी विचारावा. आधी नळी हातात घेऊन ती कुठे दुमडते का ते बघावं, खोक्यातले सगळे ब्रश बाहेर काढायला लावावेत आणि धूळ साठते ती पिशवी उघडून बघावी. वॅटवरून मोटर किती वीज खाते ते कळतं, धूळ किती ओढते ते नाही. युरोपीय संघाने घरगुती यंत्रांवर २०१४ साली १६०० वॅटची मर्यादा घातली आणि २०१७ साली ती ९०० वर आणली. तिथली घरं काही धुळीत गेली नाहीत. कंपन्यांनी हवेची वाट आणि तोंडाचा आकार सुधारला, एवढंच.

आमच्याकडची धूळ वेगळी आहे, म्हणून हे लिहिते आहे. माघ-फाल्गुनात हळद निघते, शिजते, वाळते आणि मग लोखंडी ड्रममध्ये घोळून पॉलिश होते. त्या ड्रममधून सालीचा जो पिवळा भुगा उडतो तो मार्केट यार्डाच्या आसपासच्या घरांत खिडकी बंद असली तरी येतो. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची मळणी झालेली असते, तिचं भुसकट वेगळंच. झाडूने केर काढला की जाड कचरा सुपलीत येतो. बारीक धूळ मात्र हवेत चढते आणि बराच वेळ तरंगत राहते. त्या हवेत वाकून श्वास घेणारी कोण असते? घरातली बाई, नाहीतर कामाला येणारी मावशी. आमच्या मावशींना उन्हाळाभर खोकला असायचा. त्या म्हणायच्या, “ताई, खोकल्याचं काय, केर काढायचा म्हटलं की तो लागतोच.” तो ‘लागतोच’ मला मान्य नव्हता.

कॅनिस्टर, म्हणजे चाकांवरचा डबा आणि लांब नळी, हा प्रकार मला उभ्या यंत्रापेक्षा आपल्या घरांसाठी योग्य वाटतो. उभं यंत्र गालिच्यांच्या देशात शोभतं. आपल्याकडे शहाबादी फरशी, टाइल्स, दिवाण, लाकडी कपाट, पंखा आणि गाद्या. कॅनिस्टरमध्ये जड मोटर जमिनीवर राहते आणि हातात फक्त नळी. फरशीच्या रुंद तोंडावर एक पेडल असतं; ते दाबलं की ब्रशचे केस खाली येतात. टाइल्सवर ते खाली हवेत, नाहीतर प्लॅस्टिक घासतं. सतरंजीवर केस वर घ्यायचे, आणि तरीही सतरंजी तोंडाला चिकटून उचललीच जाते. त्यासाठी मुठीजवळ एक छोटी सरकती खिडकी असते, ती थोडी उघडली की ओढ कमी होते. कितीतरी घरांत ही खिडकी कशासाठी आहे हेच कुणी सांगितलेलं नसतं.

गोल मऊ ब्रश पंख्याची पाती, पुस्तकं आणि देवघराची नक्षी यांसाठी. गादीसाठी छोटं रुंद तोंड. पण माझं सर्वांत लाडकं म्हणजे चपटं, तिरकं कापलेलं फटीचं तोंड. वाट अरुंद झाली की हवेचा वेग वाढतो, म्हणून सरकत्या खिडक्यांच्या पन्हळीत गच्च बसलेला हळदीचा भुगा त्यानेच निघतो. फ्रिजच्या मागे आणि दिवाणाच्या सांध्यांतही तेच जातं. उन्हाळ्यात कोरड्या हवेत प्लॅस्टिकच्या नळीतून धूळ धावते तेव्हा हाताला बारीक झटका बसतो. ती घर्षणाची वीज असते, घाबरू नये.

माझं यंत्र पिशवीचं, वसमतच्या जाऊबाईंचं बिनपिशवीचं. त्यांच्या पारदर्शक भांड्यात हवा गरगर फिरते आणि जड कण बाजूला फेकले जातात. डाळ मिलच्या छपरावर पत्र्याचं जे मोठं नरसाळं दिसतं, त्यातही हेच होतं. जेम्स डायसन या इंग्रज माणसाला ही कल्पना लाकूड कारखान्यातल्या अशाच नरसाळ्यावरून सुचली आणि यंत्र मनासारखं व्हायला ५,१२७ नमुने करावे लागले. केस, भुसकट, खडे यांना ते भांडं उत्तम. पण हळदीच्या पिठासारख्या भुग्याने त्यामागचा फिल्टर लवकर चोंदतो, आणि भांडं रिकामं करताना जो ढग उठतो तो रिकामं करणारीच्या नाकात जातो. सगळी मेहनत ज्यासाठी, तेच हातचं जातं. कापडी पिशवी झटकतानाही हेच होतं. म्हणून माझा कौल बंद तोंडाच्या, फेकून द्यायच्या जाड पिशवीला. खर्च आहे, पण औषधाच्या दुकानातही खर्चच असतो. जाऊबाईंना हे पटलेलं नाही. त्या अंगणात जाऊन, तोंडाला पदर बांधून भांडं ओततात.

उडालेल्या धुळीचं हे दुखणं जुनंच आहे. १९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट बूथने आगगाडीचे डबे हवा फुंकून साफ करणारं यंत्र पाहिलं. धूळ उडून परत तिथेच बसत होती. त्याने खुर्चीच्या गादीवर रुमाल धरून तोंडाने हवा ओढली, गुदमरला, पण रुमालावर काळा डाग उमटला. मग त्याने घोडागाडीवर मोटर बसवली. ती रस्त्यात उभी राही आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात जात. १९२१ साली स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने मोटर आणि नळी घरात, घसरपट्ट्यांवरच्या आडव्या डब्यात आणली. त्याच इलेक्ट्रोलक्सच्या भागीदारीत १९८२ साली युरेका फोर्ब्ज सुरू झाली आणि भारतीय घरांत हे यंत्र दारावरच्या विक्रेत्याच्या हातून शिरलं. आपल्या यंत्रांना फुंकायचीही सोय असते. कूलरच्या जाळीसाठी ती अंगणात वापरा, घरात कधीही नको.

हवा ओढून घेण्याचं याहून फार मोठं काम आमच्याच जिल्ह्यात होणार आहे. औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडिया ही लेसर आणि आरशांनी गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांत हवेचा दाब बाहेरच्या एक लाख कोटीव्या भागाइतका ठेवावा लागेल, आणि तिथल्या आरशावर धुळीचा एक कणही चालणार नाही. माझ्या यंत्रातला दाब बाहेरच्यापेक्षा जेमतेम पाचव्या हिश्श्याने कमी होतो. आरशांसाठी एवढी काळजी घेणाऱ्या जिल्ह्यात माणसांच्या फुफ्फुसांसाठी एवढं तरी व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

रब्बीत शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, मोटर मंदावते आणि ओढही. तेव्हा सकाळी लवकर सफाई उरकावी. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर हे यंत्र चालवू नये. मोटरमधले कार्बन झिजतात, ते मोटर वाइंडिंगच्या दुकानात स्वस्तात बदलून मिळतात. चुलीतली राख गार वाटली तरी ओढू नका, आत निखारा असू शकतो. फिल्टर धुतला तर पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. नळीचा व्यास कुठे ३२ मिलिमीटर असतो, कुठे ३५, त्यामुळे एकाचा ब्रश दुसऱ्याला बसेलच असं नाही. आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारा, या यंत्राच्या पिशव्या हिंगोलीत मिळतात का. नांदेडला मिळतात असं म्हणाला, तर वर्षभर पुरतील एवढ्या पिशव्या यंत्राबरोबरच घ्या.