पाण्यात उतरण्याआधीचा तवक्कुल

लोणावळ्यात राहणाऱ्याला पावसाळ्यात पाहुणे चुकत नाहीत. पुण्याचे, मुंबईचे, भिवंडीचे नातेवाईक जूनपासूनच फोन करू लागतात. "मामू, पाणी आलं का?" एवढंच विचारतात. पाणी म्हणजे भुशीच्या पायऱ्यांवरून वाहणारं पाणी. पूर्वी मी हो किंवा नाही सांगून फोन ठेवायचो. हल्ली उलट विचारतो, "तुमच्यात पोहता कोणाला येतं?" पलीकडून हसू ऐकू येतं. गुडघाभर पाण्यात बसायला पोहणं कशाला लागतं?

या हसण्याबद्दल मला लिहायचं आहे.

३० जून २०२४, रविवार. पुण्याच्या हडपसर भागातलं एक कुटुंब भुशी धरणाजवळच्या धबधब्यात उतरलं होतं. वर डोंगरात पाऊस वाढला, प्रवाह फुगला आणि ती माणसं पाण्याच्या मधोमध अडकली. एकमेकांना मिठी मारून उभी राहिली. मग पाण्याने त्यांना ओढून नेलं. काही जण बाहेर आले. एक बाई आणि चार मुलं गेली, त्यातलं सर्वांत लहान चार वर्षांचं होतं. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्यांची नावं आपल्यासारखी होती, त्यामुळे आपल्या घराघरांत तो जरा जास्तच पाहिला गेला.

त्यानंतर मी दोन वाक्यं पुन्हा पुन्हा ऐकली. एक, "लोकांना अक्कल नाही." दुसरं आपल्या मोहल्ल्यातलं, "मौत लिहिलेली होती." पहिलं निर्दयी आहे. दुसरं श्रद्धेचं आहे, पण अर्धवट. मरणाची वेळ ठरलेली असते यावर माझाही ईमान आहे. पण उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू पाहणाऱ्या माणसाला पैगंबरांनी आधी उंट बांधायला सांगितलं होतं, ही हदीसही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पाण्याच्या बाबतीत उंट बांधायचा म्हणजे नेमकं काय करायचं? हे मला लोणावळ्यात कोणी शिकवलं नाही. ते मी समुद्रावर शिकलो.

लोणावळा आणि समुद्र यांचं नातं तसं जवळचं आहे. इथे वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तो दोन दिशांना जातो. इंद्रायणीत पडलेलं पाणी मावळातून पूर्वेकडे भीमेला, पुढे कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात पोहोचतं. टाटांच्या वळवण, शिरोता या तलावांत साठलेलं पाणी मोठ्या नळांतून घाटाखाली खोपोलीच्या वीजघरात उतरतं, वीज करून पाताळगंगेत जातं आणि धरमतरच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं. आमच्या पत्र्यावर पडलेला थेंब अलिबागच्या बाजूला निघू शकतो, तो असा. आम्ही मात्र घाटावरची माणसं. समुद्र आमच्यासाठी शनिवार-रविवारचा.

गेल्या वर्षी जानेवारीत भाच्याच्या नादाने मी रेवदंड्याच्या बाजूला एका किनाऱ्यावर कयाकमधून गरवायला गेलो. कयाक म्हणजे एका माणसाची अरुंद, हलकी नाव. आमची प्लॅस्टिकची होती. तिच्या पाठीवर बसायचं, हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं धरायचं आणि किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा ओलांडून पलीकडे जायचं. तिथे शांत पाण्यात गरी टाकून बसायचं. ऐकायला सोपं वाटतं. शिकवणारा कोळी तरुण माझ्या निम्म्या वयाचा होता. मला वाटलं तो वल्हं कसं मारायचं ते सांगेल. तो म्हणाला, "चाचा, आधी उलटून दाखवा."

पहिला तास त्याने मासेमारीचं नावसुद्धा काढलं नाही. छातीभर पाण्यात कयाक मुद्दाम उलटवायची, ती पुन्हा सुलटी करायची, पोटावर आडवं होऊन तिच्यावर चढायचं आणि मग पाय फिरवून बसायचं. आठ-दहा वेळा. लाइफ जॅकेटचे पट्टे त्याने स्वतः ओढून पाहिले, खांद्याला धरून मला वर उचलायचा प्रयत्न केला. जॅकेट कानापर्यंत सरकलं, तर पट्टे पुन्हा आवळले. गरीची काठी आणि आमिषाचा डबा कयाकला बांधले, गळ काढून डबीत ठेवले. लाटेत उलटलो तर मोकळा गळ आधी आपल्याच अंगात घुसतो.

मग आम्ही वाळूवर वीस मिनिटं नुसते उभे राहिलो. "मोजा," तो म्हणाला. मोजल्यावर दिसलं की लाटा सारख्या नसतात. काही मोठ्या लाटा एकामागून एक येतात, मग जरा उसंत मिळते. निघायचं ते त्या उसंतीत. नाक लाटेला सरळ ठेवायचं, पुढे झुकायचं आणि वल्हं थांबवायचं नाही. कयाक आडवी झाली की लाट तिला लाटण्यासारखी लोळवते. उलटलोच तर समुद्राच्या बाजूला राहायचं. कयाक आणि किनारा यांच्या मधे कधीही उभं राहायचं नाही, कारण पुढची लाट पाण्याने भरलेली नाव आपल्या अंगावर आणून टाकते. आत ओढणारा प्रवाह लागला तर त्याच्याविरुद्ध झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत त्यातून बाजूला व्हायचं.

पहिल्या वेळी तिसऱ्या लाटेने मला उलटवलंच. कानात, नाकात खारं पाणी गेलं. पण हातपाय गडबडले नाहीत, कारण हे सगळं तासाभरापूर्वी आठ-दहा वेळा झालेलं होतं. दुसऱ्या वेळी पार झालो. लाटांच्या पलीकडे अचानक इतकी शांतता होती की वल्ह्यावरून गळणारं पाणी ऐकू येत होतं. दोन तासांत एक शिंगाळा मिळाला, वीतभर. त्याच्या काट्याला विष असतं, म्हणून तोही पोराने काढून दिला. दहाच्या आत परतायचं आधीच ठरलं होतं, कारण सकाळचा मतलई वारा पडून खारा वारा सुटला की पाणी खवळतं. किनाऱ्यावर एक माणूस बसवून ठेवला होता. आम्ही किती वाजता दिसायला हवं, हे त्याला माहीत होतं.

घाट चढून परत येताना मी हिशेब करत होतो. एका वीतभर माशासाठी केवढी तयारी! आणि आमच्या इथे बारा-पंधरा माणसांचं कुटुंब, कडेवर मूल, पायात चपला, हातात मोबाइल, थेट वाहत्या ओढ्यात उतरतं. किनाऱ्यावर कोणी नाही, दोर नाही, वर आभाळाकडे कोणाचं लक्ष नाही.

हा फरक अकलेचा आहे असं मला वाटत नाही. समुद्र घाबरवतो, म्हणून माणूस तयारीने जातो. ओढा लाडात येतो. तो घोट्याएवढा असतो, गार असतो, मुलं त्यात खिदळतात. पण पाणी म्हणजे वजन. एक घनमीटर पाणी एक हजार किलोचं असतं आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. वेगाचं पाणी अर्धा फूट असलं तरी मोठ्या माणसाचा पाय उखडू शकतो, मुलाचं तर सोडाच. शिवाय समुद्राच्या लाटेला एक लय असते, ती मोजता येते. डोंगरातल्या ओढ्याला ती नसते. आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि वरच्या पठारावर ढग फुटलेला असतो. तिथलं पाणी आपल्यापर्यंत येईस्तोवर आपण फोटो काढत असतो. सूचना मिळते, पण ती वाचता यावी लागते: पाणी अचानक गढूळ होतं, काटक्या-पाला वाहू लागतो, आवाज जड होतो. यातलं एक जरी दिसलं तरी सामान सोडून उंचावर जायचं. चपलेसाठीही मागे फिरायचं नाही.

भुशीच्या घटनेनंतर जिल्हा प्रशासनाने मनाई आदेश काढले, फलक लावले. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ ला, पुन्हा रविवारीच, याच मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने कोसळला आणि चार जण गेले. तिथेही धोक्याचा फलक होता. फलक आणि बंदी यांना माझा विरोध नाही. जुना पूल वेळेत पाडणं किंवा बंद करणं हे सरकारचंच काम आहे, आणि ते झालं नाही म्हणून बळी गेलेल्यांनाच दोष देणं मला मान्य नाही. पण बंदी माणसाला काही शिकवत नाही. या धबधब्यावर पोलीस उभा केला, की गाडी पुढच्या धबधब्यावर जाते.

शिकवायचं तर आपल्यापासून सुरुवात करता येईल. दरवर्षी भारतात तीस हजारांहून जास्त माणसं बुडून मरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ मध्ये जगभर तीन लाख माणसं अशी गेली. २५ जुलै हा संयुक्त राष्ट्रांनी बुडण्यापासून बचावाचा दिवस ठरवला आहे. मावळात तेव्हा पाऊस ऐन भरात असतो. त्याच्या आसपासच्या जुम्याला इमामसाहेबांनी पाच मिनिटं पाण्याबद्दल बोलायला काय हरकत आहे? जीव वाचवण्याचं मोल सांगण्यासाठी याहून नेमकी वेळ सापडणार नाही. सहलीच्या बसमध्ये देग जाते, चटया जातात, स्पीकर जातो. त्यात पंधरा मीटरचा एक दोर आणि दोन रिकामे, झाकण घट्ट लावलेले कॅन गेले, तर बुडणाऱ्याकडे काहीतरी फेकता येईल. त्याच्यामागे उडी मारून दुसरं मरण होणार नाही. पवनेच्या तलावावर बोटीत बसताना लाइफ जॅकेट मागून घ्यावं आणि पट्टे आवळून पाहावेत. नसेल तर बोट सोडून द्यावी.

आणि पोहणं. भुशीच्या त्या प्रवाहात पट्टीचा पोहणाराही टिकला असता असं मी म्हणणार नाही. वाहत्या ओढ्यापुढे पोहणं अपुरंच पडतं. पण ज्याला पोहता येतं त्याला पाण्याची ताकद अंगाने कळलेली असते, आणि तो मुलाला कुठे उतरवायचं नाही हे ओळखतो. आपल्याकडे हा विषय मुलांपाशीच थांबतो. मुलींचं नाव काढलं की पडद्याचा प्रश्न येतो. प्रश्न खरा आहे, त्याला हसून उडवू नये. पण त्याची उत्तरं आहेत: बायकांसाठी वेगळी वेळ, शिकवणारी बाई, अंगभर पोहण्याचे कपडे. चार कुटुंबांनी मिळून तलाव चालवणाऱ्याकडे मागणी केली तर आठवड्यातून दोन तास मिळणं अशक्य नाही. सहलीला मुलांचे हात धरून उभी असते ती आईच. पाण्याबद्दल सर्वांत कमी तिलाच शिकवलं जातं, हे आपण किती दिवस चालवणार आहोत?

"कयाक वगैरे पैसेवाल्यांचे शौक," असं माझा शेजारी म्हणतो. असतील. पण त्या कोळी पोराने मला जे शिकवलं त्यातलं बहुतेक फुकट आहे. पाण्याकडे वीस मिनिटं बघायचं, परतीची वेळ आधी ठरवायची, काठावर एक शहाणा माणूस ठेवायचा. यंदा पाहुण्यांचे फोन येतील तेव्हा मी त्यांना घरी बोलावणार आहेच. भजीही होतील. पण भुशीला निघण्याआधी या तीन गोष्टी कोण करणार, ते नाव मी फोनवरच विचारून घेणार आहे.