झोंबी, म्हणे!

शुक्रवारी ऑफिसच्या ग्रुपवर परत तोच व्हिडिओ आला. गोगलगाईची शिंगं सुजलेली, त्यात हिरवे-तपकिरी पट्टे, आणि कोणी आतून पंप मारतंय अशी ती धडधडतायत. खाली मजकूर : 'हा किडा मेंदू हॅक करतो!!' च्यायला, 'हॅक' हा शब्द आपण आयटीवाल्यांनीच इतका स्वस्त करून ठेवलाय.

मंडळी, हा ल्युकोक्लोरिडियम पॅराडॉक्सम नावाचा चपटा कृमी. प्रौढ झाल्यावर राहतो गाणाऱ्या पक्ष्यांच्या आतड्याच्या पार शेवटाला. त्याची अंडी विष्ठेतून खाली पडतात, युरोपातल्या ओलसर जागी राहणारी सक्सिनिया गोगलगाय ती विष्ठा खाते, आणि मग कृमीच्या पिल्लांनी भरलेल्या पिशव्या तिच्या शिंगांत शिरतात. उजेडात पिशवी हलते, अंधारात थांबते. पक्ष्याला वाटतं, अळी! तो टोच मारतो. ('गोगलगाय नि पोटात पाय' ऐकलं होतं, हिच्या तर शिंगात अख्खं कुटुंब.)

आता हॅकिंगचं. 2014 साली वेसोवॉव्स्का आणि वेसोवॉव्स्की या पोलंडच्या दोघांनी या गोगलगाईंच्या वागण्यावरचा अभ्यास छापला. बाधित गोगलगाई जास्त हिंडतात, जास्त उंच, उघड्यावर, उजेडात बसतात. वागणं खरंच बदलतं, मान्य. पण मेंदूचा ताबा घेतला हे यातून कुठे निघालं? तिचे डोळे त्याच शिंगांच्या टोकाला असतात. शिंग टम्म फुगल्यावर तिला उजेड नीट कळतच नसेल, असंही असू शकतं ना? कॅमेऱ्याच्या लेन्सवर चिखल बसला म्हणून कोणी 'सर्व्हरला व्हायरस लागला' असं तिकीट टाकलं, तर आपण त्याला चहा होईपर्यंत हसू.

आणि पक्षी? पक्ष्याने टोच मारली की व्हिडिओ संपतो. कृमीचं खरं घर तोच, पण त्याच्याबद्दल एक ओळ नाही. पक्षी मेला तर अंडी पसरवणार कोण, एवढा साधा विचारही नाही.

मी हे सगळं सोडून दिलं असतं. पण व्हिडिओखाली एकाने लिहिलं, "म्हणूनच मी गॅलरीतलं बुलबुलांचं पाणी बंद केलं." आणि त्यावर पाच अंगठे! अरे बाबा, पक्ष्यातून निघालेल्या त्या अंड्याला पुढे जायला गोगलगाय लागते, तू नाही. भांडं रोज घासायचा कंटाळा आला असेल तर तसं सांग की.

त्याला हेच लिहून पाठवलं. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. सोमवारी जेवायला समोरच बसतो, तेव्हा बघू.