भीमेचे खोरे आणि जिल्ह्यांच्या सरहद्दी
सह्याद्रीच्या माथ्यावर भीमाशंकरी उगम पावून, इंद्रायणी, मुळा-मुठा, नीरा आणि सीना यांचे जल पोटात घेत, सुमारे 860 किलोमीटरांचा आग्नेयवाही प्रवास करून रायचूरनजीक कृष्णेस मिळणारी भीमा, महसुली दप्तरांत तालुक्यातालुक्यांनी विभागली गेली असली, तरी भूगोलाच्या दृष्टीने तिचे खोरे अविभाज्य आहे. घाटमाथ्यावर मुसळधार कोसळणारा पर्जन्य पूर्वेकडे थोडे उतरताच विरळ होतो. तेथील काळ्या, खोल जमिनीने जिरवून ठेवलेल्या ओलाव्यावर मंगळवेढ्याची शाळू ज्वारी पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली, आणि ही व्यवस्था, माझ्या मते, त्या मुलखाच्या प्रकृतीस सर्वथा अनुरूप होती. 1980 साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाने कालवे दिले, परंतु अवर्षणप्रवण सोलापुरात उसाचे अपरिमित क्षेत्रही वाढविले. आणि ज्या जलाशयावर सोलापूर तहान भागवते, त्यातच पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेवाटे येऊन मिळते. म्हणून पुण्याच्या सांडपाण्याचा, उजनीच्या आवर्तनांचा आणि उसाच्या क्षेत्राचा निर्णय निरनिराळ्या कचेऱ्यांवर न सोपविता, संपूर्ण खोऱ्यावर अंमल असलेल्या एकाच अधिकारमंडळाकडे शासनाने द्यावा, आणि त्यात खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांस मताचा हक्क असावा.