चाकं गाडीला असतात, विहिरीला नाही!

आमच्या हॉस्टेलवर सध्या एक नवीन खूळ आहे. रात्री मेस झाली की कोणाच्या तरी रूमवर गर्दी जमते आणि मोबाईलवर चाकांवरच्या घरांचे व्हिडिओ सुरू होतात. मग चर्चा. पास आऊट झाल्यावर जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची, मागे बेड, ओटा, छोटा संडास बसवायचा आणि निघायचं! ना घरभाडं, ना घरमालकाची कटकट. ऐकायला झकास वाटतं. पण या व्हिडिओत एक गोष्ट कधीच दिसत नाही. त्या छोट्या संडासाचं पुढे काय होतं?

हा प्रश्न मलाही पडला नसता. पण गणपतीला घरी गेलो आणि तो आमच्या दारातच उभा राहिला. माझं गाव धामापूर, तालुका मालवण. शासनाने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून माझ्या चुलतभावाच्या, म्हणजे दादाच्या डोक्यात घरामागची भरडाची जमीन घोळत होती. पुण्याची नोकरी सोडून तो गावी आलाय. पाच गाड्या उभ्या राहतील एवढी जागा सपाट करायची, लाईट-पाणी द्यायचं आणि भाडं घ्यायचं. बांधकाम नाही, खर्च कमी. कल्पना चांगलीच आहे. गावात राहून चार पैसे मिळणार असतील तर कोणाला नको आहेत?

मी सिव्हिलला आहे म्हटल्यावर दादाने वहीच पुढे केली. पहिल्या पानावर मीटर, दुसऱ्यावर बोअर आणि शेवटी एका ओळीत 'शोषखड्डा - 1'. मित्रांनो, माझा सगळा आक्षेप या क्रमालाच आहे.

आधी लाईट घेऊ. दीड टनाचा एसी साधारण दीड ते दोन किलोवॅट घेतो, गीझर दोन. म्हणजे 16 अँपियरचा एक पॉईंट एका गाडीतच संपला. पाच गाड्या म्हणजे जवळजवळ 18 किलोवॅट, तिथे घरातून ओढलेली वायर चालायची नाही. त्यात गाडीचं अंग लोखंडी आणि टायर रबरी. आमच्याकडे सगळीकडे जांभा. उन्हाळ्यात तो असा कोरडा पडतो की अर्थिंग नीट मिळणं मुश्किल. म्हणून प्रत्येक पॉईंटला 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी हवाच, नाहीतर गाडीच्या दाराला हात लावणाऱ्याचं काही खरं नाही. पण हे सगळं पैसे टाकून सुटतं. इलेक्ट्रिकलवाले मित्र आहेतच!

पाण्याचं तसं नाही. पाच गाड्यांत वीस माणसं आणि माणशी 80 लिटर धरलं तर रोजचं 1600 लिटर पाणी झालं. ते येतं कुठून हे सगळे विचारतात. पण त्यातलं बहुतेक पाणी घाण होऊन परत तिथेच पडणार असतं, हे कोणी विचारत नाही.

दादाने खड्ड्याची जागा विहिरीच्या वरच्या अंगाला धरली होती. टेप लावून मोजलं, अंतर 11 मीटर भरलं. आपल्या अभ्यासातलं आयएस 2470 सांगतं की पिण्याच्या पाण्यापासून कमीत कमी 18 मीटर लांब. तेही साध्या मातीत. फटींच्या खडकात शोषखड्डा घेऊच नये असं तेच कोड सांगतं, कारण पाणी गाळलं न जाता फटींतून सरळ वाहत जातं. आणि जांभ्याला फटी नि भोकं किती असतात ते चिरे पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. गणपतीत आमची विहीर अशी तुडुंब असते की वाकून तांब्या भरावा. तेव्हा तो खड्डाही पाण्यानेच भरलेला असणार. तो शोषणार काय?

दादा म्हणाला, "अरे, गाड्या चार दिवस राहणार नि जाणार. कायमचं काही नाही."

ओसरीवरून आजी म्हणाली, "गाडयेक चाकां आसत रे, बावडेक खय आसत?"

माझी तीन वर्षांची इंजिनिअरिंग आजीने एका वाक्यात संपवली.

आमच्या गावचा तलाव 1530 सालचा. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी तो बांधून घेतला आणि 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. मालवण शहराला नळाचं पाणी याच तलावातून जातं. पाचशे वर्षं लोकांनी जे पाणी राखलं, त्याच्या गावात आपण 11 मीटरवर खड्डा मारायचा?

मी प्रकल्पाच्या विरोधात नाही. माझं म्हणणं फक्त क्रम उलटा करा. आधी मैला, मग पाणी, शेवटी लाईट. मैल्यासाठी विहिरीच्या खालच्या अंगाला एकच पक्की बंद टाकी, गाड्यांनी तिथेच रिकामं करायचं आणि भरली की उपसणारी गाडी बोलवायची. संडासात टाकायची जंतुनाशक रसायनं सेप्टिक टाकीतले उपयोगी जिवाणूच मारतात, म्हणून ती आत आणायला बंदी. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी वेगळं काढून कर्दळी-केळींच्या वाफ्यात. जून ते सप्टेंबर सगळं बंद. आणि टाकीला झेपतील तेवढ्याच गाड्या.

हिशेब केला तेव्हा पाचाच्या दोन गाड्या झाल्या. दादाचं तोंड उतरलं. त्याने कर्जाचा आकडा पाचावर बसवला होता आणि मला त्याचं वाईट वाटतंच. निघताना तो नीट बोललाही नाही. पण परवा त्याचा फोन आला, "बंद टाकीचं ड्रॉईंग पाठव." सबमिशन बाजूला ठेवून मी आधी तेच काढतोय.

तेव्हा रात्री व्हिडिओ बघणाऱ्या मित्रांनो, गाडी जरूर घ्या, फिरा. मात्र कोणाच्या गावात ती उभी कराल तेव्हा प्लग शोधण्याआधी टाकी कुठे रिकामी करायची ते विचारा. तुम्ही सकाळी निघून जाल. विहीर तिथेच असेल आणि तिचं पाणी पिणारी माणसंही.