नातेपुतेकरांना जाहीर आवाहन : घरातल्या ज्येष्ठांचा विसर अंगावर काढू नका



एखाद्या घरी सासूबाई जेवून उठतात आणि अर्ध्या तासात शेजारी जाऊन सांगतात, "मला आज कुणी जेवायलाच वाढलं नाही." सुनेची आळीभर बदनामी होते. दुसऱ्या घरी आजोबा कधीच विकून टाकलेल्या बैलांना वैरण टाकायची म्हणून पहाटे तीनला कडी काढून बाहेर पडतात. तिसऱ्या घरी आयुष्यभर तोंडी हिशेब करणारा माणूस शंभराची मोड देताना अडखळतो आणि गल्ल्यातले पैसे चोरले म्हणून नोकरावर ओरडतो. लोक म्हणतात वय झालं, चळ लागला, साठी बुद्धी नाठी. कुणी बाहेरचं बघायला घेऊन जातं, अंगारा लावतं, आणि दोन-तीन वर्षं तशीच निघून जातात. अशी माणसं सांभाळणारी आम्ही याच गावातली काही घरं आहोत. आमचं सांगणं एवढंच आहे की हा मेंदूचा आजार असू शकतो, त्याची तपासणी होते, आणि ती वेळेवर करून घेतली पाहिजे.

नुसत्या वयावर खापर फोडणाऱ्यांनी एक गोष्ट ऐकावी. १९०१ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या इस्पितळात ऑगस्ट डेटर नावाची बाई दाखल झाली. नवऱ्यावर संशय घ्यायची, घरातल्या वस्तू भलत्याच जागी लपवायची, बोलता बोलता शब्द विसरायची. तिचं वय तेव्हा अवघं ५१ होतं. १९०६ मध्ये ती वारल्यावर डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या मध्ये साचलेला थर आणि पेशींच्या आत झालेला गुंता त्यांना दिसला. त्यांचंच नाव पुढे या आजाराला मिळालं. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, अनेक कारणांनी होतो आणि अल्झायमर हे त्यातलं सर्वांत मोठं कारण. त्याखालोखाल येतं ते मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबणं, आणि त्याच्या मुळाशी बहुतेकदा वर्षानुवर्षं दुर्लक्षिलेला बीपी आणि शुगर असते.

हे शहरातलं दुखणं आहे, कष्ट करणाऱ्या खेड्यातल्या माणसाला होत नाही, असा आपल्याकडे समज आहे. देशभरातल्या ज्येष्ठांची तपासणी करून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं तो खोटा ठरवला. साठीपुढच्या दर शंभरांत सुमारे सात जणांना, म्हणजे भारतात अंदाजे ८८ लाख लोकांना, डिमेन्शिया असल्याचं त्यात दिसलं. शहरात हे प्रमाण ५.३ टक्के आणि खेड्यात ८.४ टक्के. पुरुषांत ५.८, तर बायकांत ९. ज्या मुलींना त्या काळी शाळेत घातलं नाही त्या आज सत्तरीत आहेत, आणि लहानपणी शिक्षण न मिळणं हे या आजाराचा धोका वाढवणारं एक मोठं कारण मानलं जातं. आपल्या आया-आज्यांना आपण देणं लागतो, असं आम्हाला मनापासून वाटतं.

न्यूरोलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरकडे, नेमकं काय होतं याची अनेकांना धास्ती असते. शॉक देतात, वेड्यात काढतात असं काहीबाही बोललं जातं. प्रत्यक्षात पहिली पंधरा-वीस मिनिटं डॉक्टर घरच्यांशीच बोलतात. विसर कधीपासून पडायला लागला, हळूहळू वाढला की एकदम? भाजीत मीठ दोनदा पडतं का? शेताची वाट चुकते का? पैसे मोजता येतात का? मग पेशंटकडे वळतात. आज वार कोणता, महिना कोणता, आपण कुठं बसलो आहोत, असं विचारतात. तीन वस्तूंची नावं सांगून लक्षात ठेवायला लावतात, मध्येच दुसरं काही बोलतात आणि थोड्या वेळानं तीच नावं परत विचारतात. आमची आई निरक्षर आहे, ती काय सांगणार, असं म्हणून कुणी थांबू नये. हरियाणातल्या बल्लभगड भागात खेड्यातल्या निरक्षर माणसांसाठी मुद्दाम प्रश्नावली तयार करण्यात आली आणि १९९५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. अक्षर न ओळखणाऱ्यालाही तिची उत्तरं देता येतात.

त्यानंतर रक्ताच्या तपासण्या आणि गरजेप्रमाणे सीटी स्कॅन किंवा एमआरआय. लवकर जाण्याचा खरा फायदा इथंच आहे, कारण विसराळूपणाची काही कारणं औषधानं सुधारतात. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडणं हे त्यातलं एक. आपल्या भागात माळकरी घरं पुष्कळ. मांस-अंडी वर्ज्य आणि म्हातारपणी दूधही नावापुरतं, अशा माणसाचं बी-१२ जरूर तपासावं. थायरॉईड असतो. मनाला लागलेली उदासी असते, विशेषतः जोडीदार गेल्यावर. झोपेच्या गोळ्या असतात. न्हाणीत पाय घसरून डोक्याला मार बसला, तेव्हा काही वाटलं नाही, पण कवटीच्या आत थेंब थेंब रक्त साचत राहिलं आणि महिन्याभरानं माणूस बरळायला लागला, असंही होतं. आणि एक फरक पक्का ध्यानात ठेवा. काल-परवापर्यंत ठणठणीत असलेलं माणूस एका-दोन दिवसांत भ्रमिष्टासारखं वागायला लागलं तर त्यामागे लघवीचा संसर्ग, ताप, रक्तातलं सोडियम उतरणं किंवा पक्षाघात असू शकतो. त्याला त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखान्यात न्या.

अल्झायमर पूर्ण बरा करणारं औषध आज जगात नाही. डोनेपेझिल, मेमँटिनसारख्या गोळ्यांनी काही जणांना काही काळ फरक पडतो. २०२३ पासून अमेरिकेत नवी इंजेक्शनं मंजूर झाली आहेत. ती अगदी सुरुवातीच्या अवस्थेतच देतात, फार महाग आहेत आणि त्यांनी मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्राव होण्याचा धोका असतो. तेव्हा स्मरणशक्ती परत आणून देतो म्हणून कुणी चूर्ण किंवा काढ्याचे हजारो रुपये मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

टाळता येण्यासारखं मात्र बरंच आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये धोक्याची १४ कारणं मांडली. ती सगळी दूर झाली तर जगातल्या सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू किंवा लांबू शकेल, असा त्यांचा अंदाज आहे. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, विडी-सिगारेट, दारू ही त्यात आहेतच. पण कमी ऐकू येणं, मोतीबिंदू तसाच ठेवणं आणि एकटं पडणं हीही आहेत. आपल्याकडे ऐकू येईनासं झालेलं माणूस आपोआप एकटं पडतं, घरातले त्याच्याशी बोलायचंच सोडतात. बंगळुरूच्या निम्हान्समधील न्यूरोलॉजिस्ट डॉ. सुवर्णा अल्लाडी यांनी हैदराबादेत ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाल्याचं त्यांना २०१३ मध्ये आढळलं, आणि निरक्षरांतही हा फरक दिसला. ज्या सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच बाजारात ऐकू येतात, त्या जिल्ह्यातल्या माणसांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. आजी-आजोबांशी बोलत राहा, त्यांना बोलतं ठेवा.

आता गावाकडे मागणं. माउलींची पालखी बरडहून नातेपुत्यात मुक्कामाला येते, तेव्हा तळावरच्या ध्वनिक्षेपकावर चुकलेल्या माणसांची नावं रात्रभर पुकारली जातात. त्यातल्या काहींना स्वतःचं गावच आठवत नसतं. आपल्या घरात असं माणूस असेल तर सदऱ्याच्या किंवा चोळीच्या आतल्या बाजूला नाव, गाव आणि फोन नंबर लिहिलेला कापडाचा तुकडा शिवून ठेवा. एसटी स्टँडवरचे दुकानदार, रिक्षावाले, हॉटेलवाले, मेडिकलवाले, तुम्हाला कुणी ज्येष्ठ बावरून उभे राहिलेले दिसले तर प्रश्नांची सरबत्ती करू नका. बसवा, पाणी द्या, शांतपणे बोला आणि पोलिसांना ११२ वर किंवा ज्येष्ठांच्या १४५६७ या हेल्पलाइनवर कळवा. नगरपंचायतीला, आरोग्य खात्याला आणि आशाताईंना आमची विनंती आहे की ज्येष्ठांच्या शिबिरात बीपी-शुगरच्या जोडीला स्मरणशक्तीचीही प्राथमिक तपासणी व्हावी.

घरातल्यांनाही दोन शब्द. त्यांना बांधून घालू नका, कोंडू नका, "आत्ताच तर सांगितलं" म्हणून खेकसू नका. सकाळची न्याहारी विसरलेल्या कितीतरी माणसांना हरिपाठ अजून तोंडपाठ असतो, त्यांना भजनाला घेऊन बसा. अशा अवस्थेत कुणाचा अंगठा हक्कसोडपत्रावर किंवा जमिनीच्या कागदावर घेणं ही सरळ फसवणूक आहे, मग घेणारा पोटचा मुलगा का असेना. आणि पुण्या-मुंबईच्या भावांनो, बहिणींनो, फोनवरून सल्ले देणं पुरे झालं. गावाकडच्या वहिनीची रात्रीची झोप कधीच उडाली आहे. वर्षातून काही आठवडे तरी आई-वडिलांना स्वतः सांभाळा.

ज्यांच्या घरी सहा महिन्यांपासून विसर वाढत चालला आहे, त्यांनी या महिन्यातच आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना आणि त्यांच्या चिठ्ठीनं मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावं. खासगी खर्च झेपणार नसेल तर सोलापूरचं श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आणि पुण्याचं ससून ही सरकारी रुग्णालयं आहेत. जाताना चष्मा, जुने रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. आणि पेशंटबरोबर रात्रंदिवस जी व्यक्ती राहते, तिलाच घेऊन जा.

आपले नम्र,
स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांची सेवा करणारी नातेपुत्यातील काही कुटुंबे