हौसेचें धांवणें

‘हौशी’ हा शब्द आपण बहुधा थोड्याशा कनवाळू स्वरांत उच्चारतों. हौशी नट म्हणजे ज्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवावयाची नाहीं असा; हौशी गवई म्हणजे ज्याचें गाणें घरच्या मंडळींनीं निमूटपणें सोसावयाचें असा. परंतु ज्यांत द्रव्यलाभ नाहीं, नांवलौकिक नाहीं आणि बक्षिसाची तर स्वप्नांतही आशा नाहीं, असें एखादें कष्टाचें काम शहाणींसुरतीं माणसें पहांटे उठून वर्षानुवर्षें करीत राहतात, तेव्हां त्या हौसेचा विचार अधिक आदरानें करणें प्राप्त आहे. या महिन्यांत वाचकांपुढें मांडावयाचा विषय तोच आहे; आणि त्याला निमित्त आमच्याच घरांतलें आहे.

आमच्या थोरल्या वहिनी आज अठ्ठेचाळीस वर्षांच्या आहेत. आमची आई अर्धांगवायूनें दोन वर्षें अंथरुणाला खिळून होती. तिचें सारें वहिनींनींच केलें. त्या काळांत पहांटे पांच ते सहा हा तासभर आईच्या उशाशीं मीं बसावें व वहिनींनीं मोकळ्या हवेंत फिरून यावें, असा आम्हां दोघांत नेम ठरला. आई गेली, नेम राहिला. चालण्याचें हळूहळू धांवणें झालें. आरंभीं पर्वतीच्या पायथ्यापर्यंत जातांच दम लागणाऱ्या वहिनी वर्षभरांत दहा किलोमीटर न थांबतां धांवूं लागल्या, आणि मग अर्ध्या मॅरेथॉनची, म्हणजे एकवीस किलोमीटरहून किंचित् अधिक अंतराची, भाषा सुरू झाली.

अप्पांनीं, म्हणजे आमच्या वडिलांनीं, आक्षेप घेतला. पण तो वाचकांस वाटेल तसला नव्हता. सुनेनें रस्त्यावरून धांवावें काय, हा प्रश्न त्यांनीं काढलाच नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, आठवड्याचे सहा दिवस घरांतील चौदा माणसें चौदा वेळां जेवतात. रविवार दुपारची पंगत तेवढी एकत्र बसते, आणि शर्यती नेमक्या रविवारींच असतात. वहिनी म्हणाल्या, “मामंजी, मी नसलें तर पंगत अडेल, हें ऐकून मला बरेंच वाटतें. पण वर्षांतून चार रविवार मला द्यावेत.” अप्पा कांहीं बोलले नाहींत.

त्यांचा आक्षेप खोटा नव्हता. एकत्र कुटुंबांत वेळ ही कोणा एकाची मालमत्ता नसते. एकानें घेतलेला तास दुसऱ्या कोणाला तरी भरून द्यावा लागतो. मात्र पुरुषांच्या क्लबाचा, पत्त्यांचा नि राजकारणावरील गप्पांचा तास आमच्या घरीं कोणीं मोजल्याचें मला आठवत नाहीं.

सप्टेंबरच्या आरंभीं एका शनिवारीं वहिनी, त्यांची धाकटी मुलगी व मी असे तिघें साताऱ्यास गेलों. तेथील डोंगरी अर्ध-मॅरेथॉन २०१२ सालीं सुरू झाली आणि आतां दूरदूरचे हौशी लोक तिच्यासाठीं येतात. दुपारीं छातीवर लावावयाचा क्रमांक घेतला. धांवणारी मंडळी त्यास ‘बिब’ म्हणतात. पुतणीला अजिंक्यतारा चढावयाचा होता. वहिनींनीं साफ नकार दिला. आदल्या दिवशीं पायांना विसांवा देणें, हेंही शर्यतीचेंच काम, असें त्यांचें मत. तेव्हां गांवांतून सावकाश एक फेरी झाली. कंदी पेढ्यांचा पुडा घेतला, त्यांतला एकच पेढा त्यांनीं खाल्ला आणि उरलेले दुसऱ्या दिवसासाठीं बांधून ठेविले. संध्याकाळीं सातला वरणभात, नवाला निजानीज. पायांतले बूट सहा महिने वापरलेले होते. शर्यतीला नवे बूट घालणें म्हणजे फोडांना आमंत्रण.

रविवारचा मार्ग सोपा नाहीं. गांवांतून निघालेला रस्ता यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेनें जातो आणि धांवणारे त्याच वाटेनें परत येतात. म्हणजे पहिलें अर्धें अंतर बहुतेक चढाचें, दुसरें उताराचें. नवखा मनुष्य चढाला भितो व उतार लागतांच मोकाट सुटतो. पण खरा मार उतारावरच बसतो. उतरतांना मांडीचे स्नायू ताणले जात असतांनाच त्यांना सर्व शरीराचा भार आंवरावा लागतो. त्यानें स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, आणि तिचें दुखणें एक-दोन दिवसांनीं पुरतें जाणवतें. वहिनींना हें ठाऊक होतें. गेल्या वर्षीं त्यांस २ तास ५४ मिनिटें लागलीं होतीं. यंदा २ तास ४५ मिनिटांच्या आंत यावयाचें, म्हणून त्यांनीं सहा महिने तयारी केली होती.

आम्ही शेवटच्या रेषेपाशीं उभीं होतों. पहिले पटाईत धांवपटू केव्हांच येऊन गेले. मग माणसांचा लोंढा आला: कॉलेजचीं मुलें, डॉक्टर, शिक्षक, पांढऱ्या केसांचे आजोबा. २ तास ४५ मिनिटें होऊन गेलीं. वहिनींचा पत्ता नाहीं. पुतणी कावरीबावरी झाली. अखेर २ तास ५१ मिनिटांनीं त्या आल्या. घाट उतरतांना एक मुलगा पोटरींत गोळा येऊन रस्त्याच्या कडेला बसला होता. वहिनी थांबल्या, त्याचा पाय सरळ धरून ठेविला आणि मदतनीस येईपर्यंत त्याच्यापाशीं बसल्या. त्यांत सात मिनिटें गेलीं.

“आई, तुला वाईट नाहीं वाटलें?” पुतणीनें विचारलें.

“वाटलें तर! सहा महिन्यांची मेहनत होती. पण त्याला तसाच टाकून आलें असतें, तर ती वेळ घरीं कोणाला सांगितली असती?”

तरी त्या दुपारपर्यंत गप्पच होत्या. जेवून आम्ही कासच्या पठारावर गेलों. जांभ्या खडकावर मातीचा अगदीं पातळ थर. त्यांत मोठें झाड रुजावयाचें नाहीं. पण पावसाळ्याच्या थोड्या आठवड्यांत त्याच मातींतून तेरडा, सोनकी, सीतेचीं आसवें अशीं फुलें उमलतात. पश्चिम घाटाच्या ज्या भागांची जागतिक वारशांत २०१२ सालीं गणना झाली, त्यांत हें पठार आहे. फुलांचा बहर नुकताच लागला होता. तेथें बसून वहिनींनीं पेढ्यांचा पुडा सोडला, तेव्हां आम्हांला हायसें वाटलें.

वाचकांस वाटेल, हें सारें अलीकडचें खूळ आहे. तसें नाहीं. १९०६ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी सामन्यांत शेतकरी वर्गांतील तरुण अनवाणी धांवले, आणि त्यांची धांव पाहून सर दोराबजी टाटा यांनीं आपल्या खेळाडूंना ऑलिंपिकला धाडण्याचें मनावर घेतलें. १९२० सालीं अँटवर्प येथील मॅरेथॉनमध्यें फडेप्पा चौगुले एकोणिसावे आले. एकोणिसाव्याला पदक नसतें. पण हिंदुस्थानच्या ऑलिंपिकच्या इतिहासांत तें नांव राहिलें आहे.

स्त्रियांची वाट याहून बिकट होती. १९२८ सालीं अॅमस्टरडॅमला त्यांची आठशें मीटरची शर्यत झाली. ती त्यांच्या प्रकृतीस झेपत नाहीं, असें ठरवून पुढें १९६० पर्यंत ऑलिंपिकमधून ती वगळली गेली. स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्यें आली ती १९८४ सालीं. आणि २०१६ सालीं रिओ येथें तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गांठून दहावी आलेली ललिता बाबर ही याच सातारा जिल्ह्यांतील, माण तालुक्यांतल्या मोही गांवची. दुष्काळी भागांतल्या मुलीनें जें जगाच्या मैदानावर सिद्ध केलें, त्याचाच एक लहानसा अंश आमच्या वहिनी पर्वतीच्या रस्त्यावर सिद्ध करीत असतात.

मंगळवारीं वहिनी भिंतीचा आधार घेत जिना उतरत होत्या. अप्पांनीं चष्म्यावरून पाहिलें व शेकण्याची पिशवी कोठें आहे तें नातवाला सांगितलें. त्याच रात्रीं जेवतांना ते म्हणाले, “यापुढें रविवारची पंगत रात्रीं बसेल. दुपारीं कोणाला कोठें जावयाचें असेल त्यानें जावें.” एवढ्या एका वाक्यानें कित्येक वर्षांचा रिवाज बदलला.

धांवण्याची हौस कोणास झालीच, तर दोन शब्द सांगतों. चाळिशीनंतर डॉक्टरांना दाखवून मगच आरंभ करावा आणि अंतर आठवड्यागणिक थोडथोडें वाढवावें. छातींत दडपण किंवा घेरी आली, तर शर्यत तेथेंच सोडावी. पाणी तहानेप्रमाणें प्यावें. भीतीपोटीं पोटभर पाणी प्याल्यास रक्तांतील क्षार कमी होऊन जीवावर बेतूं शकतें.

आणि ज्यांना ही हौस नाहीं, त्यांच्यासाठींही एक काम आहे. आपल्या घरांत ज्या व्यक्तीला स्वतःचा म्हणून एकही तास नाहीं, तिचें नांव मनांत आणावें. तिला धांवावयाचें असेल, पेटी वाजवावयाची असेल किंवा नुसतें गॅलरींत बसावयाचें असेल. तें तिचें तिनें ठरवावें. त्या तासांत दूध कोण तापवील आणि आजाऱ्याच्या उशाशीं कोण बसेल, एवढें मात्र इतरांनीं ठरवावें.