आदेश निघाला, पण वाहन कोठे होते?

चक्रीवादळ म्हटले की उडालेले पत्रे आणि उन्मळून पडलेली झाडे आपल्या डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेतील हरिकेन वादळांच्या नोंदी मात्र वेगळे सांगतात. तेथे वादळात थेट बळी गेलेल्यांपैकी बहुसंख्य माणसे वाऱ्याने नव्हे, तर पाण्याने दगावली आहेत. म्हणूनच तेथील किनारपट्टीवर एक साधे सूत्र शिकवले जाते: वाऱ्यापासून आडोसा घ्या, पाण्यापासून मात्र दूर जा. परंतु ज्यांना दूर जाणे शक्यच नाही, त्यांनी काय करावे?

हा प्रश्न २००५ साली कतरिना वादळाने जगापुढे उभा केला. २८ ऑगस्ट रोजी, रविवारी सकाळी, न्यू ऑर्लिन्सच्या महापौरांनी शहर सक्तीने रिकामे करण्याचा आदेश दिला. सोमवारी पहाटे वादळ किनाऱ्यावर धडकले. त्याआधी त्या परिसरातून दहा लाखांहून अधिक लोक बाहेर पडले होते. एवढ्यावरून स्थलांतर यशस्वी झाले असे कुणी म्हणेल. पण शहरातील एक लाखाहून अधिक रहिवाशांपाशी वाहनच नव्हते. कित्येक बसगाड्या आगारातच पाण्यात बुडाल्या. पूरसंरक्षक भिंती फुटल्या आणि सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेले. लुइझियाना राज्यातील मृतांपैकी जवळजवळ निम्मे ७५ वर्षांचे वा त्याहून अधिक वयाचे होते.

काही जण स्वेच्छेने मागे राहिले, हेही खरे आहे. शेजारच्या मिसिसिपी राज्यात १९६९ च्या कॅमिल वादळात तगलेले घर याही वेळी तगेल, असा अनेकांचा होरा होता. या वेळी तेथे समुद्राचे पाणी काही ठिकाणी २५ फुटांहून अधिक चढले. मागचे वादळ पुढच्या वादळाची हमी देत नाही.

कतरिनाच्या धास्तीने महिनाभरातच दुसरे टोक गाठले गेले. रिटा वादळ टेक्सासकडे येत असताना ह्यूस्टन परिसरातून वीस लाखांहून अधिक लोक एकाच वेळी रस्त्यावर उतरले. कडक उन्हात मोटारींच्या रांगा तासन्‌तास खोळंबल्या. वृद्धाश्रमातील रहिवाशांना नेणाऱ्या एका बसला आग लागून २३ जण मृत्यू पावले. ज्यांच्या घरात पाणी शिरण्याचा धोका नव्हता, असेही असंख्य लोक त्या गर्दीत होते. कोणी निघावे आणि कोणी घरीच थांबावे, हे आधी ठरवणे म्हणूनच अगत्याचे असते.

घरोघरी मोटार नसलेल्या प्रदेशातही हे काम होऊ शकते, हे आपल्या ओडिशाने दाखवून दिले आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर किनाऱ्यावर पक्के निवारे उभे राहिले आणि गावोगावी स्वयंसेवक तयार झाले. २०१३ साली फायलिन वादळापूर्वी सुमारे दहा लाख लोकांना हलवण्यात आले आणि बळींची संख्या काही दहांवरच राहिली. तेथे इशारा दारापर्यंत पोहोचवणारा माणूस आणि जवळच एक सुरक्षित छप्पर, दोन्ही होते.

अरबी समुद्र शांत आहे, या समजुतीवर आपणही आता विसंबू नये. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने रायगड जिल्ह्याला झोडपले आणि मे २०२१ मध्ये तौक्ते आपल्या किनाऱ्याजवळून गेले. प्रत्येक धर्मग्रामात अंथरुणाला खिळलेल्या व एकट्या राहणाऱ्या वृद्धांची घरे ठाऊक असतात, कारण तेथे नियमाने ख्रिस्तप्रसाद नेला जातो. तीच यादी पावसाळ्यापूर्वी समोर घ्यावी आणि प्रत्येक नावापुढे त्यांना हलवणाऱ्या शेजाऱ्याचे नाव लिहावे. निवारा कोणता, हे स्थानिक प्रशासनाशी बोलून ठरवावे. औषधे आणि कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत तयार ठेवावीत. वाहत्या पाण्यात मुळीच उतरू नये. ६ इंच पाणी धडधाकट माणसाचा तोल घालवते, तर फूटभर पाणी छोटी मोटार वाहून नेऊ शकते.

वादळाचा इशारा आता काही दिवस आधीच मिळतो. त्या दिवसांत कोणी कोणाचे दार ठोठवायचे, हे मात्र आपल्यालाच ठरवावे लागेल.